या खडकावर

अमेरिकेतील कॅपिटॉल या नामांकित ध्वनिमुद्रण कंपनीने १९६९ सालच्या डिसेंबरात एक दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तिचे नाव 'अपॉन धिस रॉक', म्हणजे 'या खडकावर'. गायक लॅरी नॉर्मन तेव्हा २२ वर्षांचा होता. दीडच वर्षापूर्वी त्याच्या वादकमंडळीचे एक गाणे अमेरिकेच्या विक्री-यादीत १४व्या क्रमांकापर्यंत चढले होते. त्या मंडळीतून बाहेर पडून त्याने केवळ स्वतःच्या नावावर काढलेली ही पहिली तबकडी. ती खपली नाही. थोड्याच महिन्यांत कंपनीने त्याच्याशी असलेला करार संपुष्टात आणला. हिशेबाच्या वहीत बुडीत खाती जमा झालेली ही तबकडी पुढे मात्र ख्रिस्ती रॉक संगीताची पहिली तबकडी म्हणून गणली जाऊ लागली. आजच्या भाषणात तिची हकीकत सांगावयाची आहे.

रॉक संगीत आपल्या घरांतील तरुणांच्या कानांना सरावाचे असते आणि वडीलधाऱ्यांना तो गोंगाट वाटतो. हा तंटा अमेरिकेतही होता, आणि तेथे त्याला धर्माची धार आली होती. वास्तविक या संगीताचा उगम शोधीत गेले, तर आपण एका चर्चच्याच दारात येऊन पोहोचतो. आर्कान्सामध्ये जन्मलेली रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय गायिका पेंटेकॉस्टल पंथाच्या उपासनेत वाढली. विजेची गिटार छेडीत ती भक्तिगीते गाई, आणि १९४४ साली तिने मुद्रित केलेल्या एका भक्तिगीतात पुढच्या दशकातील रॉकची चाहूल आज स्पष्ट ऐकू येते. ती रात्रीच्या नाचगृहांतूनही गात असे, हे मात्र तिच्या धर्मबंधूंना मुळीच रुचले नाही. खुद्द एल्विस प्रेस्ली लहानपणी अशाच एका पंथाच्या चर्चमध्ये गाणे ऐकत वाढला होता. टाळ्या, पायांचा ठेका, आरोळीपर्यंत चढत जाणारा स्वर, गायकाला श्रोत्यांनी दिलेली साद, हे सारे देवळातून बाजारात गेलेले धन होय.

ते जाताना कोणी अडविले नाही असे नाही. सॅम कुक हा 'सोल स्टिरर्स' या भक्तिगीत-मंडळीचा लाडका गायक. १९५७ साली त्याने ती मंडळी सोडली आणि प्रेमगीत गायिले. ते देशभर पहिल्या क्रमांकावर गेले. पण ज्या श्रद्धाळू श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते, त्यांतील पुष्कळांना हा धर्मद्रोह वाटला. देवाचे गाणे सोडून जगाचे गाणे धरणे ही वाट मळलेली होती, तिच्या निंदेचे शब्दही ठरलेले होते. नॉर्मन उलट्या दिशेने निघाला, म्हणून त्याची निंदा कोणत्या शब्दांत करावी हेही लोकांना प्रथम नीटसे उमगले नाही.

बाजारातली चाल उचलून तीवर देवाचे शब्द बसविण्याची कल्पना त्याची नव्हती. एकोणिसाव्या शतकात विल्यम बूथच्या मुक्तिफौजेने लंडनच्या दारूगुत्त्यांतील चाली बेधडक उचलल्या होत्या. शँपेनची थोरवी गाणाऱ्या एका लोकप्रिय गीताच्या चालीवर त्यांनी मोक्षाचे गीत बसविले आणि ते रस्त्यांवर गाजले. सारे उत्तम संगीत सैतानाच्याच पदरी का असावे, हा प्रसिद्ध प्रश्न कोणी बूथच्या, कोणी थेट मार्टिन ल्यूथरच्या नावावर घालतात. ल्यूथरच्या लेखनात तो आढळत नाही. लंडनचा धर्मोपदेशक रोलंड हिल याच्याकडे तो अधिक विश्वसनीयपणे जातो. या मुक्तिफौजेचे पथक १८८२ साली मुंबईस उतरले. त्याचा प्रमुख फ्रेडरिक टकर हा मूळचा इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी, नोकरीचा राजीनामा देऊन फौजेत गेलेला. मुंबईच्या रस्त्यांवरून वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल सरकारने त्याला अटक केली, आणि ज्याने काल फिर्यादी ऐकल्या तो आज आरोपी म्हणून उभा राहिला. त्या काळच्या मुंबई सरकारला टकरच्या धर्माची नव्हे, त्याच्या ढोलाची भीती वाटली, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. याच मुक्तिफौजेच्या तरुणांनी १९६४ साली लंडनमध्ये 'जॉयस्ट्रिंग्ज' नावाची गिटारवादकांची मंडळी काढली आणि ई.एम.आय. कंपनीने त्यांची तबकडी विक्रीस आणली. तेव्हा कालगणना काटेकोर करू गेल्यास नॉर्मनच्या 'पहिल्या'पणाला बाध येतो. मात्र रॉकच्या भाषेत वाढलेल्या एका गायकाने स्वतः रचून गायिलेली संपूर्ण तबकडी एवढ्या मोठ्या कंपनीने काढावी, हे त्यापूर्वी घडले नव्हते असे मानावयास हरकत नाही.

१९६०च्या दशकात अमेरिकेतील चर्चमंडळींचा रॉकवरील रोष अगदी शिगेला पोहोचला होता. बीटल्सच्या संगीताद्वारे तरुणांना संमोहित करून साम्यवादी बनविले जात आहे, अशा आशयाची पुस्तिका १९६५ साली निघाली आणि ती गंभीरपणे वाचली गेली. पुढच्याच वर्षी जॉन लेननचे, आपण येशूपेक्षाही लोकप्रिय झालो आहोत अशा अर्थाचे उद्गार अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि दक्षिणेकडील गावांत बीटल्सच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. वाढविलेले केस हेच पाखंडाचे लक्षण समजले जाई.

अशा वातावरणात कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे 'पीपल!' या नावाची मंडळी उभी राहिली. नावातच उद्गारचिन्ह होते. टेक्ससमध्ये १९४७ साली जन्मलेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला लॅरी नॉर्मन तिच्या दोन मुख्य गायकांपैकी एक. 'झाँबीज' या इंग्रज मंडळीचे 'आय लव्ह यू' हे काहीसे दुर्लक्षित गाणे त्यांनी नव्याने गायिले आणि १९६८च्या उन्हाळ्यात ते यादीत १४व्या क्रमांकावर गेले. कॅपिटॉलने लगोलग त्याच नावाची दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. आणि नॉर्मन मंडळीतून बाहेर पडला.

तो का बाहेर पडला? पुढील चाळीस वर्षे नॉर्मन सांगत आला त्यावरून असे दिसते की, त्या ध्वनिमुद्रिकेला एका भक्तिगीताचे नाव द्यावे अशी त्याची इच्छा होती. येशू अधिक हवा आणि रॉक कमी हवे, अशा अर्थाचे ते लांबलचक नाव. मुखपृष्ठावर येशूचे चित्रही असावयाचे होते. कंपनीने नाव बदलले, चित्र काढून टाकले, आणि तत्त्वासाठी त्याने पद सोडले. कथा मोठी चटकदार आहे. सोबत्यांच्या आठवणी मात्र तिच्याशी जुळत नाहीत. मंडळीतील काही जण त्या सुमारास सायंटॉलॉजी या नव्या पंथाच्या नादी लागले होते. नॉर्मनला तो मान्य नव्हता. त्यातून तेढ वाढली आणि एकत्र राहणे अशक्य झाले, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते.

परस्परविरोधी जबान्या वाचण्याचा ज्यांना नित्य प्रसंग येतो, ते अशा वेळी जबान्या बाजूस ठेवून कागद पाहतात. येथे कागद म्हणजे तबकडी. ज्या भक्तिगीतावरून एवढे रामायण झाले म्हणतात, ते गीत त्या ध्वनिमुद्रिकेवर जसेच्या तसे आहे. कंपनीने ते वगळले नाही. शिवाय ते नॉर्मनचेही नव्हते, ग्रामीण ढंगाचा गायक वेन रेनी याचे ते जुने गीत होते आणि मूळचे ते रॉकच्या विरुद्धच रचलेले होते. तबकडीला गाजलेल्या गाण्याचे नाव देणे हा तर व्यापारातील नित्याचा प्रघात. त्याच्यामागे धर्मद्वेष शोधण्याचे कारण दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, ज्या कंपनीने आपल्या धर्मभावनेचा अवमान केला असे नॉर्मन म्हणत असे, त्याच कंपनीने त्याची पहिली एकल तबकडी काढली. भांडण झाले असेल, पण ते सोबत्यांशी झाले, सावकाराशी नव्हे. नॉर्मन खोटे बोलला असा याचा अर्थ मी करणार नाही. चळवळीच्या संस्थापकाच्या पूर्वायुष्याला त्यागाचा एक प्रसंग लागतो. श्रोते तो पुन्हा पुन्हा मागतात, आणि सांगणाऱ्याच्या तोंडी तो हळूहळू घोटीव होत जातो.

मधल्या काळात तो लॉस अँजेलिसला होता. चित्रपटांमुळे विख्यात असलेल्या हॉलीवूडच्या रस्त्यांवर तेव्हा घर सोडून आलेल्या मुलामुलींची गर्दी होती. कोणी अमली पदार्थांच्या आहारी गेलेले, कोणी व्हिएतनामच्या युद्धात ओढले जाण्याच्या भयाने सैरभैर झालेले. आदल्या दोन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोतील हिप्पी वस्तीचे स्वप्न बघता बघता विटले होते. त्या मुलांसाठी काही धर्मोपदेशकांनी आणि चर्चांनी कॉफीगृहे उघडली. हॉलीवूडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे 'सॉल्ट कंपनी' हे त्यांपैकी एक, आणि तेथे नॉर्मन गात असे. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना स्तोत्रसंहिता माहीत नव्हती. ऑर्गनच्या संथ सुरांनी त्यांना जांभया येत. त्यांना कळणारी संगीताची भाषा एकच होती, आणि ती नॉर्मनचीही मातृभाषा होती. ती त्याने डावपेच म्हणून उसनी घेतली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. अनेक चर्चांनी पुढे गिटारी आणल्या, पण त्या मुलांना बोलाविण्यासाठी. नॉर्मन त्या मुलांपैकीच एक होता.

कॅपिटॉलला या प्रकारात काय दिसले असावे? १९६९च्या वसंतात ओकलंडच्या एडविन हॉकिन्सच्या गायकवृंदाने गायिलेले 'ओह हॅपी डे' हे जुने भक्तिगीत राष्ट्रीय यादीत चौथ्या क्रमांकावर गेले होते. देवाचे नाव खपते, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले होते.

तबकडीच्या नावात श्लेष आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिमोनाला पेत्र, म्हणजे खडक, हे नाव देतो आणि आपले चर्च त्या खडकावर उभारण्याचे सांगतो. इंग्रजीत 'रॉक' हा शब्द खडकालाही आणि त्या संगीतालाही. चर्चने ज्याला सैतानी मानले त्याच पायावर नवे चर्च उभे राहील, असे हे २२ वर्षांचे पोर एका शब्दात सांगून गेले. गाणी मात्र एका दर्जाची नाहीत, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. मोशेच्या अरण्यवासावरील गीत थट्टेखोर आहे आणि त्याची गंमत दुसऱ्यांदा ऐकताना निम्मी उरते. शेवटच्या भोजनावरील गीत प्रतिमांच्या गर्दीत वाट चुकते. गूढविद्येच्या तत्कालीन वेडावर टीका करणारे एक गीत आहे. तारणाचे गोड गीत गा, असे सांगणारे दुसरे एक अगदी साध्या चालीचे आहे आणि पुढे ते मेळाव्यांतून समूहाने गायिले जाऊ लागले.

या सगळ्यांत एक गीत वेगळेच आहे. आपण सारे वेळेवर सिद्ध असतो तर किती बरे झाले असते, अशा अर्थाचे त्याचे नाव. मत्तयाच्या २४व्या अध्यायात येशूच्या पुनरागमनाचे वर्णन आहे, शेतात दोघे असतील, त्यांतील एक घेतला जाईल आणि एक मागे राहील. नॉर्मनने ते शेत उचलून स्वतःच्या काळातील घरात आणले. बंदुका, उपासमार, आणि शेजारी निजलेले माणूस अकस्मात नाहीसे होणे. ज्या देशातील घरांतून त्या वर्षी मुलगे खरोखरच युद्धावर जाऊन नाहीसे होत होते, तेथे हे ऐकणाऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. गीताची चाल संथ आहे, स्वर जवळजवळ बोलल्यासारखा. धमकी देणारा उपदेशक येथे नाही, गाडी चुकलेला प्रवासी आहे. जगाच्या अंताविषयीची ती शिकवण पुढील दशकात अमेरिकेत अफाट पसरली. हॅल लिंझीचे त्यावरील पुस्तक १९७० साली निघाले आणि प्रचंड खपले. १९७२च्या एका चित्रपटात नॉर्मनचे हे गीतच वापरले गेले. त्या शिकवणीतील भय अनेक मुलांच्या मनांत आयुष्यभर घर करून राहिले, हेही या गीताच्या खात्यावर मांडले पाहिजे. उत्तम गीताने नेहमी हितच होते असे नाही.

तबकडी का खपली नाही, याचे उत्तर गाण्यांत नसून दुकानांत आहे. तबकड्यांच्या सामान्य दुकानदाराला ती कोणत्या फळीवर ठेवावी हे कळेना. तरुण गिऱ्हाइकाला ती धार्मिक वाटली. दुसऱ्या बाजूस बायबले आणि स्तोत्रपुस्तके विकणारी ख्रिस्ती दुकाने होती. त्यांच्या गिऱ्हाइकांना गिटारवाल्या केसाळ पोराचे येशूविषयीचे गाणे सहन होणारे नव्हते. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी तिची गत झाली. कॅपिटॉलने अंग काढून घेतल्यावर नॅशव्हिलच्या एका भक्तिसंगीत-कंपनीने ती आपल्या 'इम्पॅक्ट' या नाममुद्रेखाली पुन्हा काढली आणि ख्रिस्ती दुकानांत पोहोचविली. तीच गाणी, तोच आवाज, पण आता ती विकली जाऊ लागली.

कारण एवढ्यात वारा फिरला होता. पश्चिम किनाऱ्यावरील त्या कॉफीगृहांतून एक धर्मजागृती उभी राहिली आणि जून १९७१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर स्थान दिले. वर्षभराने डॅलस येथे 'एक्स्प्लो ७२' हा मेळावा भरला. सुमारे ८०,००० तरुण जमले. बिली ग्रॅहम बोलले, जॉनी कॅश गायिले, आणि त्याच मेळाव्यात लॅरी नॉर्मनही गायिला. नापसंत केस आणि नापसंत गिटार यांना आता व्यासपीठावर आसन मिळाले.

मात्र चर्चच्या आत शिरण्यासाठी त्याने मंडळी सोडली नव्हती, आणि खरा पेच येथे उभा राहतो. बाहेरच्यांना ऐकू यावे म्हणून रचलेली गाणी आता जी दुकाने विकत होती, त्या दुकानांत बाहेरचे पाऊलही टाकीत नव्हते. बाजार स्वतंत्र झाला. टेक्ससच्या 'वर्ड' कंपनीने १९७२ साली तरुणांच्या ख्रिस्ती संगीतासाठी 'मर' ही नवी नाममुद्रा काढली. मर म्हणजे गंधरस, येशूच्या पाळण्याशी आलेली ती भेट. दशक संपेपर्यंत या संगीताच्या स्वतंत्र कंपन्या होत्या, स्वतंत्र नभोवाणी-केंद्रे होती, स्वतंत्र पारितोषिके होती. ज्याला त्यांत राहावयाचे त्याने अमुक संख्येने येशूचे नाव घ्यावे, अशी अलिखित अपेक्षाही होती.

आपल्याकडील एक उदाहरण येथे सहज आठवते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचे गुणगान परदेशी चालींतून सोडवून अभंगात आणि कीर्तनात आणले. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी त्यांनी १९१७ साली सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, सर्वांनाच त्यात जागा असावी म्हणून. दोन वर्षांत ते निवर्तले. दरबार फार टिकला नाही. त्यांची भक्तिपर पदे आज 'उपासना संगीत' या पुस्तकातून रविवारच्या उपासनेत गायिली जातात. बाहेरच्या महाराष्ट्राने त्यांच्या फुलांवरच्या कविता पाठ केल्या. टिळक आणि नॉर्मन यांची तुलना याहून पुढे नेण्यासारखी नाही.

नॉर्मन मात्र या भिंतीशी झगडत राहिला. १९७२ साली त्याने लंडनमध्ये, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओत, 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' ही तबकडी मुद्रित केली आणि ती पुन्हा एका सर्वसाधारण कंपनीने, एम.जी.एम.ने, काढली. तिच्यात सैतानाच्या पदरच्या संगीताचा तो जुना प्रश्न एका उडत्या गीताचे नाव होऊन आला. तिच्यातच अमेरिकेचा वर्णद्वेष, युद्ध आणि चंद्रावर उधळलेला पैसा यांवर कोरडे ओढणारे गीतही होते, आणि ते पुष्कळ धर्मनिष्ठांना झोंबले. १९७३च्या तबकडीत येशूचे नाव पुरेसे नाही आणि मुखपृष्ठ असभ्य आहे, अशी ओरड ख्रिस्ती दुकानदारांनी केली. पुढे त्याने स्वतःची कंपनी काढली, इतर कलावंतांना हाती धरले, आणि त्यांतील कित्येकांशी पैशावरून व मानापमानावरून त्याचे बिनसले. 'पीपल!'मधील भांडणाची कथा जितकी धूसर, तितकीच या भांडणांचीही आहे.

त्याच्यामागून त्याच वाटेने इतरही आले. ओहायोतील 'ग्लास हार्प' या मंडळीचा अत्यंत कुशल गिटारवादक फिल केगी याने १९७२ साली ती सोडली, आणि पुढच्या वर्षी आपली पहिली एकल भक्तितबकडी काढली. तिच्यातील सारी वाद्ये त्याने स्वतः वाजविली होती. केगीला बाजार तयार मिळाला. नॉर्मनची गाणी इतरांच्या कंठातून मात्र भिंतीपलीकडे गेली. लखनौला जन्मलेला आणि इंग्लंडात कीर्तीच्या शिखरावर गेलेला क्लिफ रिचर्ड याने १९७८च्या आपल्या तबकडीत त्याची गीते गायिली.

लॅरी नॉर्मन २४ फेब्रुवारी २००८ रोजी ऑरेगन राज्यातील सेलम येथे वारला. देशाच्या ध्वनिवारशात जतन करण्याजोग्या मुद्रणांची जी नोंदवही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवली जाते, तिच्या २०१३ सालच्या यादीत त्याच्या लंडनमधील तबकडीचा समावेश झाला. ही यादी २०१४च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. १९६९ची तबकडी त्या वर्षीच्या यादीत नव्हती. ग्रंथालयाच्या या नोंदवहीत चर्चची फळी वेगळी आणि बाजाराची वेगळी असा भेद नाही. नॉर्मनला हवी होती तशी जागा त्याच्या गाण्यांना तेथे मिळाली.